खोली मीटरची, प्लॅन मिलीमीटरचा, सुतार फुटांचा: माप नक्की कशात घ्यायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात नव्या टू बीएचकेचं आतलं काम सुरू होतंय. बिल्डरच्या प्लॅनवर बेडरूम ३०५० × ३६५० अशी लिहिली आहे, सुतार तिलाच "दहा बाय बारा" म्हणतो, फरशीवाला "दोन बाय दोन"च्या टाइलचा हिशेब सांगतो, मॉड्युलर किचनवाल्यांनी सगळी मापं मिलीमीटरमध्येच पाठवायला सांगितली आहेत, आणि पाचवीतली लेक म्हणते की खोलीची लांबी मीटरमध्ये मोजायची असं बाईंनी शिकवलंय. मग वही घेऊन तुम्ही स्वतः मापं घ्यायला उभे राहाल, तेव्हा ती कशात लिहायची?

एकक वस्तूच्या आकारावरून ठरतं, असं आपल्याला शाळेपासून वाटत आलेलं असतं. लहान वस्तू सेंटीमीटरमध्ये, मोठी मीटरमध्ये, गावांमधलं अंतर किलोमीटरमध्ये. सुरुवात करायला हे ठीक आहे. पण कामाला लागल्यावर प्रश्न बदलतो: किती फरक पडला तर काम बिघडेल? तो फरक ज्या एककात पूर्णांकात सांगता येतो, ते त्या कामाचं एकक. कोकण रेल्वेचा मार्ग सुमारे ७४० किलोमीटरचा आहे, पण त्याच मार्गावरच्या दोन रुळांमधलं अंतर १६७६ मिलीमीटर असं लिहितात. रूळ तेच आहेत. प्रवासाला किती वेळ लागेल हे विचारणाऱ्याला किलोमीटर पुरतात, आणि चाक रुळावर नीट बसेल का हे पाहणाऱ्याला मिलीमीटर लागतात.

तुमच्या बेडरूमचंही तसंच आहे. खोली केवढी, पंखा किती मोठा लावायचा, एसी किती टनांचा, यासाठी ३.६५ मीटर हे उत्तर पुरेसं आहे, आणि तिथे लेक अगदी बरोबर आहे. पण त्याच भिंतीला वॉर्डरोब चिकटून बसवायचा असेल, तर मीटर सोडून खाली उतरावं लागतं. नुसतं "३.६ मीटर" लिहिलं, तर ऐकणारा ते ३५५० ते ३६५० मिलीमीटरमधलं काहीही समजू शकतो. एवढ्या फटीत हाताचा पंजा जाईल.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगतो. फर्निचर जागेवरच बनणार असेल आणि मिस्त्री वर्षानुवर्षं फूट-इंच-सुतात (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) काम करणारा असेल, तर त्याच्या हातातलं माप बदलायचा आग्रह धरू नका. तो प्रत्येक तुकडा जागेला लावून बघतो आणि मगच कापतो. त्याचं खरं माप ती जागा आहे, टेप त्याच्या मदतीला असते. अशा माणसाला जबरदस्तीनं मिलीमीटरमध्ये बोलायला लावलं तर तो मनात फूट धरून तोंडानं मिलीमीटर सांगेल, आणि चूक तिथेच शिरेल. उलट किचन, वॉर्डरोब किंवा काच कारखान्यातून कापून येणार असेल, तर तिथला माणूस तुमची भिंत कधीच बघणार नाही. त्याच्यापर्यंत पोचतो तो फक्त आकडा, म्हणून तो आकडा मिलीमीटरमध्येच हवा. तुमच्याकडे दोन्ही प्रकारची कामं आहेत, तेव्हा तुमची स्वतःची वही मिलीमीटरची ठेवा. सुताराला गरज पडली तर त्यातून एकदाच फूट-इंच काढून द्या. त्यानं सांगितलेले फूट पुन्हा मिलीमीटरमध्ये आणायचे, असा उलटा प्रवास करू नका. प्रत्येक वेळी एकक बदलताना थोडं वर किंवा खाली धरलं जातं, आणि दोन-तीन फेऱ्यांत त्याचा सूतभर फरक होतो.

आता हा फरक कुठे दिसतो ते फरशीवर बघू. सुतार आणि फरशीवाला दोघांच्याही बोलण्यात खोली बारा फूट आणि टाइल दोन फूट. बारा भागिले दोन, सहा टाइल, कट नाही. कागदावर सुरेख. पण "दोन बाय दोन" हे त्या टाइलचं नाव आहे. बॉक्सवर बघा, तिथे ६०० × ६०० लिहिलेलं असतं. दोन फूट म्हणजे ६०९.६ मिलीमीटर, म्हणजे प्रत्येक टाइल नावापेक्षा साडेनऊ मिलीमीटरनं लहान आहे. सहा टाइलचे ३६००, मधले पाच सांधे प्रत्येकी २ मिलीमीटरचे, मिळून ३६१०. खोली ३६५०. उरले ४० मिलीमीटर. ते दोन्हीकडे वाटले तर वीस-वीसची पट्टी येते. इतकी बारीक पट्टी कटरवर सरळ निघत नाही, तिच्या कडा उडतात. स्कर्टिंगची, म्हणजे भिंतीच्या तळाशी लावायच्या पट्टीची, जाडी आठ-दहा मिलीमीटर झाकते, तरी उरलेली दोरीसारखी रेघ आयुष्यभर डोळ्यांत खुपते.

यावर उपाय सोपा आहे, पण तो काम सुरू होण्याआधी करावा लागतो. पाच टाइल पूर्ण घ्यायच्या आणि दोन्ही टोकांना कापलेली एकेक. पाच टाइलचे ३०००, सहा सांध्यांचे १२, राहिले ६३८, म्हणजे दोन्हीकडे ३१९ मिलीमीटरचा तुकडा. अर्ध्या टाइलपेक्षा मोठा, दोन्ही बाजूंना सारखा, आणि भिंत जराशी वाकडी असली तरी तीनशेच्या तुकड्यात ते लक्षात येत नाही. फुटांत हिशेब केला असता तर हा प्रश्न शेवटची रांग लावेपर्यंत कळलाच नसता.

भिंत वाकडी असतेच, म्हणून खोली एकाच ठिकाणी मोजू नका. जमिनीलगत, कमरेच्या उंचीवर आणि वर, अशी तीन मापं घ्या. मग दोन्ही कर्ण मोजा. ३०५० × ३६५० ची खोली खरंच काटकोनात असेल तर दोन्ही कर्ण ४७५७ च्या आसपास येतील. एक ४७५० आणि दुसरा ४७६५ आला, तर खोली तिरकी आहे आणि फरशीची पहिली ओळ कोणत्या भिंतीला समांतर धरायची हे तुम्हाला ठरवावं लागेल. बहुतेकदा दारातून समोर दिसणारी भिंत धरतात. कोपरा तपासायला गुण्या लहान पडतो. त्यापेक्षा एका भिंतीवर ९०० आणि दुसरीवर १२०० वर पेन्सिलीची खूण करा. दोन खुणांमधलं अंतर १५०० आलं तर कोपरा काटकोनात आहे.

वॉर्डरोबकडे येऊ, कारण मिलीमीटरचा खरा फायदा तिथे आहे. समजा, कोनाडा "पाच फूट सात इंच तीन सूत" आहे आणि त्यात चार सारखे कप्पे करायचे आहेत. एक सूत म्हणजे ३.१७५ मिलीमीटर. आता या मापाला चारानं भागा. अनुभवी मिस्त्रीसुद्धा इथे थांबून बोटं मोजतो. हेच माप १७११ मिलीमीटर लिहिलं, की त्यातून मधल्या तीन उभ्या फळ्यांचे १८ प्रमाणे ५४ वजा, उरले १६५७, भागिले चार, ४१४ आणि वर एक मिलीमीटर सुटला. दहा सेकंदांचं काम. शिवाय १८ मिलीमीटरच्या प्लायला बोलताना "पाऊण इंची" म्हणतात, आणि पाऊण इंच म्हणजे १९.०५. तीन फळ्यांमागे तीन मिलीमीटर, म्हणजे जवळजवळ एक सूत हवेत गेलं. त्यातच काही कंपन्यांचा प्लाय खरोखर १९ चा येतो. म्हणून जाडी नावावरून धरू नका, आलेल्या शीटची कड मोजून मग हिशेब करा.

करवतीचं पातंही लाकूड खातं. प्लायची "आठ बाय चार" शीट २४४० × १२२० मिलीमीटरची असते. त्यातून चार सारखे तुकडे काढायचे तर २४४० भागिले चार ६१० येतात, पण तीन काप लागतात आणि साधं पातं प्रत्येक कापात सुमारे ३ मिलीमीटर घेतं. हातात २४३१ च उरतात, म्हणजे तुकडा ६०७ चा. ड्रॉइंगवर ६१० लिहून ठेवलं असेल तर चौथा तुकडा ६०१ चा निघतो आणि त्यासाठी नवी शीट फोडावी लागते.

ड्रॉवर तर एका मिलीमीटरनं अडतो. कप्प्याची आतली रुंदी ५०० असेल आणि साधा टेलिस्कोपिक चॅनेल (ड्रॉवर सरकवणारी धातूची पट्टी) लावायचा असेल, तर दोन्ही बाजूंना साडेबारा-तेरा मिलीमीटर जागा सोडतात, म्हणून ड्रॉवरची बाहेरची रुंदी ४७४ ठेवतात. कप्प्याच्या आत लॅमिनेट नंतर चिकटवलं, तर दोन्ही बाजूंचा एकेक मिलीमीटर जाऊन कप्पा ४९८ चा होतो, आणि तोच ४७४ चा ड्रॉवर कुथत आत जायला लागतो. जागा जास्त सोडली तर उलटा त्रास: चॅनेलवर ताण येतो आणि ड्रॉवर डुगडुगतो. तेव्हा लॅमिनेट आधी, माप नंतर. इथे सेंटीमीटर कामाला येत नाही. दोन्हीकडची मिळून सोडायची जागा २.६ लिहिली आणि कुणी "अडीच" वाचली, की ड्रॉवर अडकू शकतो.

सेंटीमीटरबद्दल थोडं इथेच सांगतो, कारण घरी पट्टीवर आणि टेपवर तेच ठळक छापलेलं असतं. सेंटीमीटर वाईट नाही. पडदे, गादीवरची चादर, कपडे, मुलांची उंची, जिथे अर्धा सेंटीमीटर इकडेतिकडे चालतो तिथे तेच सोयीचं. लाकूडकामात आणि बांधकामात तो टाळतात याचं कारण दशांशचिन्ह. प्लायवर किंवा प्लास्टरवर पेन्सिलीनं लिहिलेलं ६१.५ धुळीत ६१५ दिसतं, आणि टिंब कुठे होतं यावरून वाद होतो. सगळ्यांनी मिलीमीटर लिहायचं ठरवलं की टिंबच लागत नाही. टेपवर सेंटीमीटरचा आकडा वाचा, शेजारी पुढच्या बारीक रेघा मोजून लिहा: १४३ आणि पुढे ७ रेघा, झाले १४३७. कागदाच्या वर एकदाच "सर्व मापे मिलीमीटरमध्ये" असं लिहा आणि खाली नुसते आकडे.

फुटांतलं दशांशचिन्ह त्याहून धोक्याचं. "दहा फूट सहा" हे कॅल्क्युलेटरवर १०.६ असं टाकलं जातं. दहा फूट सहा इंच म्हणजे साडेदहा फूट, ३२०० मिलीमीटर. १०.६ फूट म्हणजे ३२३१. एकतीस मिलीमीटरचा फरक फक्त एका टिंबामुळे. फुटातून आणायचंच असेल तर आधी सगळ्याचे इंच करा, १२६, आणि मग २५.४ नं गुणा.

बोलताना होणारी चूकही लक्षात ठेवा. फोनवर "एकोणसत्तर" आणि "एकोणऐंशी" यांत गोंधळ होतो, आणि समोरचा मिस्त्री हिंदी बोलणारा असेल तर तो "उनसठ, उनहत्तर, उनासी" या हिशेबानं ऐकतो. माप तोंडी द्यायची वेळ आलीच तर एकेक अंक सांगा, तीन-सहा-पाच-शून्य, आणि त्याच्याकडून तो परत म्हणवून घ्या. त्याहून चांगलं म्हणजे कागदाचा फोटो पाठवा.

आणखी एक प्रकार आहे, ज्यात माणसं हमखास फसतात. काही आकडे मापासारखे दिसतात, पण ती नावं असतात. नऊवारी साडीला आपण आजही नऊवारी म्हणतो, पण दुकानात कापड मीटरमध्ये मोजतात आणि नऊ वारांचे होतात ८.२३ मीटर. तसंच "अर्धा इंची" पाइपचं. सीपीव्हीसीच्या अर्ध्या इंचाचा बाहेरचा व्यास सुमारे १६ मिलीमीटर, आणि जाड यूपीव्हीसीच्या अर्ध्या इंचाचा सुमारे २१. सांडपाण्याचा "चार इंची" पाइप बाहेरून ११० असतो, म्हणून भिंतीत भोक पाडताना १०० चं पाडून चालत नाही. वायरवरचा २.५ हा आकडा लांबीचा नाहीच, तो तांब्याच्या छेदाचं क्षेत्रफळ सांगतो, चौरस मिलीमीटरमध्ये. सळईला "तीन सूत", "चार सूत" म्हणतात, पण मिळते १० आणि १२ मिलीमीटरची. खरे चार सूत १२.७ होतात, आणि छेदात त्याचा फरक बारा टक्के पडतो. म्हणून सळई कधीही मिलीमीटर सांगून मागवा आणि वजनावर तपासा: व्यासाचा वर्ग भागिले १६२ केला की एका मीटरचे किलो निघतात. १२ मिलीमीटरला ०.८९.

क्षेत्रफळाच्या वेळी मात्र मिलीमीटर सोडून द्या. ३०५० गुणिले ३६५० केलं तर एक कोटीच्या पुढचा आकडा येतो आणि शून्यं मोजताना चूक होते. आधी दोन्ही मापं मीटरमध्ये आणा, ३.०५ × ३.६५ = ११.१३ चौरस मीटर. रेराच्या कागदावर कार्पेट एरिया चौरस मीटरमध्येच असतो, त्याला १०.७६४ नं गुणलं की चौरस फूट. टाइलच्या चार नगांच्या बॉक्समध्ये १.४४ चौरस मीटर येतात, म्हणजे १५.५ चौरस फूट. "दोन बाय दोनच्या चार, म्हणजे सोळा फूट" असा हिशेब लावून कुणी दर सांगत असेल, तर प्रत्येक बॉक्सला अर्ध्या चौरस फुटाचे पैसे जास्त जातात. तुमच्या बेडरूमला दहा टक्के तूट धरून १२.२५ चौरस मीटर, भागिले १.४४, साडेआठ, म्हणजे क्षेत्रफळानं नऊ बॉक्स. पण वर सांगितलेल्या मांडणीत अर्ध्याहून मोठ्या प्रत्येक तुकड्याला वेगळी टाइल लागते, म्हणून टाइल मोजूनही बघा: लांबीला सात, रुंदीला सहा, बेचाळीस टाइल, म्हणजे अकरा बॉक्स. स्कर्टिंग किंवा ग्रॅनाइटच्या कडेचं मोल्डिंग लांबीवर विकतात, तिथे दर रनिंग फुटाचा की रनिंग मीटरचा हे विचारून लिहून घ्या. एका मीटरमध्ये ३.२८ फूट बसतात, बिलही तितक्याच पटीनं बदलतं.

मीटर आणि मिलीमीटर एकत्र लागतात ती जागा म्हणजे बाथरूमचा उतार. तो एका मीटरला १० मिलीमीटर असा सांगतात. दीड मीटरच्या बाथरूममध्ये जाळीकडे १५ मिलीमीटर खाली. हे गवंड्याला टक्क्यांत सांगण्यापेक्षा असंच सांगा, तो लाइनदोरी लावून ते लगेच उतरवू शकतो.

टेपबद्दल दोनच गोष्टी, पण त्या कराच. घरातल्या सगळ्या कामाला एकच टेप वापरा. चांगल्या टेपवर अचूकतेचा दर्जा रोमन आकड्यात छापलेला असतो. "II" दर्जाच्या टेपला पाच मीटरवर साधारण १.३ मिलीमीटरची सूट आहे, त्यामुळे तुमची आणि सुताराची टेप दोन-अडीच मिलीमीटरनं वेगळी बोलली तर दोघंही खोटे नसतात. दुसरी गोष्ट, टेपच्या टोकाचा हुक थोडा हलतो, तो बिघाड नाही. बाहेरून अडकवला की पुढे येतो आणि आतून टेकवला की स्वतःच्या जाडीएवढा मागे जातो. पडून तो वाकला असेल तर मात्र प्रत्येक माप चुकतं. अशा वेळी १०० च्या रेघेपासून मोजतात. ते करणार असाल तर १०० वजा करायचं वहीत आधीच लिहून ठेवा, कारण नंतर ते विसरलं जातंच.

तुमच्या प्रश्नात नव्हतं पण सगळ्यात महाग पडतं ते म्हणजे माप कधी घेतलं. किचनची भिंत प्लास्टरनंतर २४०० असेल, तर दोन्ही बाजूंना टाइल आणि तिच्यामागचा मसाला धरून प्रत्येकी बारा-पंधरा मिलीमीटर जातात, आणि आतली जागा २३७०-२३७५ उरते. प्लास्टरच्या वेळचे २४०० कारखान्याला कळवले तर शेवटचं कॅबिनेट बसणार नाही, आणि कारखान्यातून कडेला पट्टी मारून आलेलं कॅबिनेट साइटवर रंधून लहान करता येत नाही. टाइल पूर्ण लागून सांधे भरले, की त्या दिवशी ओट्याच्या उंचीवर, खाली आणि वर अशी तीन मापं घ्या, तिन्हींतलं सगळ्यात लहान लिहा, आणि किचनवाल्यांच्या माणसालाही तेव्हाच येऊन मोजायला सांगा. त्याचा आकडा आणि तुमचा आकडा दोन-तीन मिलीमीटरच्या आत जुळेपर्यंत ऑर्डरच्या कागदावर सही करू नका.